सूत्र पाठ आहे, पण त्यातलं हवं ते बाहेर काढता येत नाही

प्राजक्ता_कोथरूड
लेक यंदा नववीत, सेमी-इंग्रजी. सूत्रं तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारा. काल गतीच्या धड्यावरचं गणित घेतलं. अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ. काळ काढायचा होता. बाईसाहेबांनी न थांबता लिहिलं:

काळ = अंतिम वेग − सुरुवातीचा वेग − त्वरण

असं का, विचारलं तर म्हणे, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं ना!"

क्लासमध्ये यावर उतारा म्हणून त्रिकोण शिकवलेत: गुणाकाराचं उत्तर वरच्या कोपऱ्यात, ज्यांचा गुणाकार ते दोन खाली. हवं त्यावर बोट ठेवायचं, उरलेलं उत्तर. हे सूत्र त्रिकोणात बसेना तेव्हा त्याची चारही रूपं पाठ करायला दिली. असं प्रत्येक सूत्राचं करत बसलो तर दहावीपर्यंत ही पोर पोपट होईल. मी स्वतः कॉमर्सची, मला करून दाखवता येतं पण समजावता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. क्लासच्या जाहिराती नकोत.

चहाटळ_पेठकर
चार रूपं पाठ करून पैकीच्या पैकी मिळत असतील तर पाठ करू द्या की. समजून घ्यायला अख्खं आयुष्य पडलंय. (हलकेच घ्या.)

खडू_फळा
प्राजक्ताताई, आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं' हे वाक्य फळ्यावरून कायमचं पुसायला हवं. समीकरणात कुणी कुठे जात नाही. आपण दोन्ही बाजूंना एकच क्रिया करतो, बस. दोन्हीकडून सुरुवातीचा वेग वजा केला, तो उजवीकडून नाहीसा झाला आणि डावीकडे वजा होऊन दिसला. मुलांना वाटतं उडी मारली. बेरीज-वजाबाकीपुरता हा भ्रम खपून जातो. त्वरण मात्र काळाला गुणून बसलंय. ते वजा करून सुटणार नाही, दोन्ही बाजूंना त्याने भागावं लागेल.

मी वर्गात आधी पेन खाली ठेवायला लावायचो. एकच प्रश्न विचारायचो: आपल्याला जो हवाय त्याचं सूत्रात काय काय झालंय, आणि कोणत्या क्रमाने? इथे काळाला आधी त्वरणाने गुणलं, मग त्यात सुरुवातीचा वेग मिळवला. आता उलट यायचं, म्हणजे शेवटी झालेलं आधी सोडवायचं. चार पुडांच्या डब्यात तळातली भाजी हवी असेल तर वरचे पुडे वरूनच काढावे लागतात, तसं. आधी सुरुवातीचा वेग वजा, मग त्वरणाने भाग:

काळ = (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) ÷ त्वरण

कंस विसरला तर सगळं मुसळ केरात.

ही रीत काही नवी नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) ती विलोमविधी म्हणून दिली आहे. भागाकार असेल तिथे गुणाकार, गुणाकार तिथे भागाकार, वर्ग तिथे मूळ, मूळ तिथे वर्ग, अधिक तिथे उणे, उणे तिथे अधिक. त्याआधी आर्यभटानेही हेच सांगितलंय. आपल्या पुस्तकांत मात्र त्यातलं शेवटचं 'अधिक-उणे' तेवढं उरलं आणि गुणाकार-भागाकार वाऱ्यावर सुटले.

आणि लेकीला तिची चूक तिलाच पकडता येईल अशी एक खूण सांगतो. एककं लिहायची. वेग मीटर प्रति सेकंद, त्वरण मीटर प्रति सेकंद वर्ग. वेगातून त्वरण वजा होतच नाही, रुपयांतून किलो वजा केल्यासारखं होईल ते. तिचं उत्तर तिथेच पडतं, उदाहरण सोडवायचीही गरज नाही.

वायरमन_हडपसर
सर, बाकी सगळं मान्य, पण त्रिकोणाला कुणी नावं ठेवू नका. आयटीआयला आम्हाला त्रिकोणच शिकवला आणि त्यावरच पोट भरतोय. पॉवर वर, खाली व्होल्टेज आणि करंट. २००० वॅटचा गीझर, २३० व्होल्ट, करंटवर बोट ठेवलं: २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावायचा नाही, १६ चा बसवायचा. गिऱ्हाईक दारात उभं असताना दोन्ही बाजूंना भागत बसू का?

खडू_फळा
तिथे तुमचं बरोबर आहे. तीनच राशी आणि नुसता गुणाकार असेल तर त्रिकोण चालतो. बेरीज आली की संपला.

तिरकस
बेरीज नसली तरी फसतो. वायरमनदादा, तोच गीझर. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं. आता गीझर किती वॅट घेणार? त्रिकोणाने सांगा.

वायरमन_हडपसर
८.७ गुणिले २००, १७४०.

तिरकस
करंट ८.७ च राहील असं कोण म्हणालं? व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. कायम राहतो तो कॉइलचा रेझिस्टन्स (तापमानाने थोडा हलतो, ते सोडा). सूत्र आहे पॉवर = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स. ते फिरवून रेझिस्टन्स काढला: २३० चा वर्ग ५२९००, भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. आता २०० चा वर्ग ४००००, भागिले २६.४५, साधारण १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्के पडलं, पॉवर जवळजवळ पाव भाग गेली. पाणी तापायला वेळ लागतो म्हणून लोक कॉइल बदलून घेतात ते उगीच.

वायरमन_हडपसर
हे पटलं. पण हे गिऱ्हाईकाला सांगू नका राव.

लेथवर_भोसरी
माझी पोस्ट जरा आडवाटेची वाटेल, पण आमच्याकडे हे सूत्र फिरवणं रोजचंच आहे. लेथ म्हणजे धातूचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन. त्यावर कटिंग स्पीडचं सूत्र असतं:

कटिंग स्पीड = ३.१४ × व्यास × फेरे ÷ १०००

व्यास मिलिमीटरमध्ये, फेरे म्हणजे आरपीएम, उत्तर मीटर प्रति मिनिट. कटिंग स्पीड टूल आणि धातू ठरवतात, व्यास ड्रॉइंगवर असतो. लागतात ते फेरे. म्हणजे पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं कधीच कामाला येत नाही, फिरवूनच वापरायचं:

फेरे = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास)

माइल्ड स्टील, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, ३० ची स्पीड, ५० चा बार: १९१ फेरे. २५ चा बार: ३८२. साध्या लेथला गिअरमध्ये ठरावीकच स्पीड मिळतात, मग त्याच्या खालची जवळची घ्यायची.

खरी गंमत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या लेथवर. फेसिंग करताना, म्हणजे बारचं तोंड सपाट करताना, टूल बाहेरून मध्याकडे येतं, म्हणजे व्यास क्षणाक्षणाला कमी होतो. प्रोग्रॅममध्ये जी ९६ हा कोड टाकला की मशीन हेच सूत्र सतत सोडवत फेरे वाढवत नेतं. कार्बाइड टूल, १८० ची स्पीड: ६० व्यासाला ९५५ फेरे, १० व्यासाला ५७३२, २ व्यासाला अठ्ठावीस हजारांच्या पुढे. मध्याला व्यास शून्य. छेदात शून्य आला की काय होतं ते शाळेत बाई 'व्याख्या नाही' म्हणून सोडून देतात. इथे जॉब धरणारा चक भिंगरीसारखा पळून जॉब अंगावर येईल. म्हणून आधी जी ५० टाकून फेऱ्यांना वरची मर्यादा घालायची.

समजा मर्यादा २५००. नवीन पोरांना मी विचारतो, मशीन कोणत्या व्यासाला या मर्यादेला टेकेल? आता तेच सूत्र व्यासासाठी फिरवायचं: १००० × १८० ÷ (३.१४ × २५००), जवळपास २३ मिलिमीटर. त्याच्या आत फेरे वाढत नाहीत, त्यामुळे कटिंग स्पीड पडते. १० व्यासाला ती ७८ च राहते. फेसच्या मध्यभागी फिनिश खरबरीत का येतं, याची बरीचशी कारणं इथे सापडतात. ऑपरेटर इन्सर्टला (टूलच्या बदलत्या धारेला) शिव्या घालतो. एकच सूत्र, तिन्ही बाजूंनी लागलं. आमच्यात पाठ कुणीच करत नाही.

प्राजक्ता_कोथरूड
भोसरीवाले दादा, ही पोस्ट लेकीला वाचायला दिली. 'छेदात शून्य' वर ती पहिल्यांदा काहीतरी विचारायला लागली. वाचनखूण साठवली आहे.

तपकीर_गल्ली
आमचं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून एक वाद ठरलेला. बिल ११८० रुपये, त्यात १८ टक्के कर धरलेला. गिऱ्हाईक म्हणतं मूळ किंमत सांगा, आणि स्वतःच मोबाइलवर ११८० चे १८ टक्के काढून वजा करतं: ९६७ रुपये ६० पैसे. मग म्हणतं तुम्ही १००० कसे लावले! अहो, १८ टक्के १००० वर लावलेत, ११८० वर नाही. वर जाताना १.१८ ने गुणलं, तर खाली येताना १.१८ ने भागा. सीए लोकसुद्धा घाईत हे करताना पाहिलेत.

खडू_फळा
तपकीर गल्लीने नेमकं धरलं. टक्केवारीतही तीच गोष्ट, क्रिया गुणाकाराची होती, ती वजाबाकीने उलटत नाही.

आता विलोमविधीची मर्यादा. हवा असलेला चल सूत्रात एकदाच आला असेल तरच उलटं चालत जाता येतं. दोन ठिकाणी आला की वाट फुटते. वायरमनदादांच्या ओळखीचं उदाहरण घेतो, समांतर जोडणी (रोध म्हणजे रेझिस्टन्स):

एकूण रोध = (पहिला × दुसरा) ÷ (पहिला + दुसरा)

पहिला हवा आहे, पण तो वरही आहे आणि खालीही. इथे मुलं कुठलातरी एक 'पहिला' एकटा करतात आणि दुसरा तसाच पलीकडे ठेवतात. म्हणजे पहिला काढायला पहिलाच माहीत हवा. आधी छेद घालवायचा, कंस सोडवायचा, पहिला असलेली सगळी पदं एका बाजूला आणायची, सामाईक बाहेर काढायचा आणि मग भागायचं:

पहिला = (एकूण × दुसरा) ÷ (दुसरा − एकूण)

६ आणि ३ ओहम समांतर जोडले तर एकूण २. उलट तपासा: एकूण २, दुसरा ३, वर ६, खाली १, पहिला ६. जमलं.

याच सूत्राचं दुसरं रूप व्यस्तांचं आहे, १/एकूण = १/पहिला + १/दुसरा. त्यात अर्धा वर्ग सरळ प्रत्येक अपूर्णांक उलटा करतो आणि एकूण = पहिला + दुसरा लिहून मोकळा होतो. ६ आणि ३ घालून बघितलं असतं तर २ = ९ दिसलं असतं. सोपे आकडे घालून बघायला दहा सेकंद लागतात, ते कुणी देत नाही.

आणि वर्ग असेल तर दोन उत्तरं येतात, त्यातलं एक फेकून द्यायची घाई नको. चेंडू २० मीटर प्रति सेकंदाने वर फेकला, गुरुत्व त्वरण १० धरलं, १५ मीटर उंचीवर कधी असेल? १ सेकंदाला आणि ३ सेकंदालाही. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही खरी.

हप्तेबाज
सर, चल एका बाजूला आणताच येत नाही असंही असतं. माझा अनुभव कर्जाच्या हप्त्याचा. ह म्हणजे हप्ता, म मुद्दल, द दरमहाचा दर, न महिने:

ह = म × द × (१+द)^न ÷ ((१+द)^न − १)

यातून मुद्दल काढणं सोपं. महिने काढायला लॉगरिदम लागतो:

न = लॉग( ह ÷ (ह − म × द) ) ÷ लॉग(१ + द)

हे रूप घरी भिंतीवर लावावं असं आहे. १० लाख, वर्षाला ९ टक्के म्हणजे महिन्याला ०.७५ टक्का, २० वर्षं: हप्ता ८९९७. तोच हप्ता १०००० केला तर? म × द म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज ७५००. १०००० भागिले २५०० म्हणजे ४. लॉग ४ भागिले लॉग १.००७५, उत्तर १८५ आणि अर्धा. २४० महिन्यांचं कर्ज १८६ महिन्यांत संपलं. महिन्याला हजार रुपये जास्त, आणि साडेचार वर्षं वाचली. बँकेच्या कागदावर हा आकडा ठळक अक्षरात का नसतो ते ज्याचं त्याने ओळखावं.

अजून एक. कंसात ह − म × द आहे. हप्ता ७५०० च ठेवला तर तिथे शून्य येतो. वर भोसरीच्या मशीनवर आला तोच शून्य. अर्थ सरळ आहे: नुसतं व्याज भरताय, कर्ज कधीच फिटणार नाही.

आता दर. द सूत्रात तीन ठिकाणी बसलाय, त्यातल्या दोन ठिकाणी घाताच्या खाली. कितीही सामाईक काढा, एकटा होत नाही. आणि नेमका तोच काढायची वेळ येते. धाकट्या भावाने बाइक घेतली तेव्हा एका फायनान्सवाल्याने सांगितलं, "फक्त ९ टक्के फ्लॅट". १ लाख, ३ वर्षं, व्याज २७०००, हप्ता १,२७,००० भागिले ३६ म्हणजे ३५२८. पण मुद्दल दर महिन्याला कमी होतंय आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. मग खरा दर किती?

अंदाज धरला. महिना १ टक्का: हप्ता ३३२१, कमी पडला. १.५ टक्के: ३६१५, जास्त झाला. १.२५: ३४६७. १.३५: ३५२६, जवळ आलं. १.३५४ ला बसलं. वर्षाला १६.२ टक्के. नऊचं नाव, सोळाचं गाव.

एक्सेलमध्ये 'रेट' फंक्शन किंवा 'गोल सीक' हेच करतं. कुठलंही गुप्त सूत्र नाही, अंदाज धरून सुधारत जायचं.

खडू_फळा
लीलावतीत त्यालाही जागा आहे. इष्टकर्म. एखादी संख्या मानायची, तिच्यावर सगळ्या क्रिया करायच्या, उत्तर किती चुकलं ते बघून प्रमाणात दुरुस्त करायचं. तिथली उदाहरणं अशी आहेत की एका दुरुस्तीत उत्तर येतं. तुमच्या हप्त्यात प्रमाण सरळ नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करावं लागलं.

तारांगण
+१. ग्रहांच्या बाबतीतही हेच आहे. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं समीकरण: मध्यम कोन = उत्केंद्र कोन − उत्केंद्रता × साइन(उत्केंद्र कोन). मध्यम कोन वेळेवरून मिळतो, उत्केंद्रता म्हणजे कक्षा किती लांबट आहे ते. ठरलेल्या वेळी ग्रह कुठे आहे ते काढायला उत्केंद्र कोन हवा. तो एकदा मोकळा आहे आणि एकदा साइनच्या पोटात. बीजगणिताने बाहेर येत नाही. केप्लरपासून आजपर्यंत बहुतेक सगळे अंदाज धरूनच काढतात. फरक एवढाच की आता कॉम्प्युटर काढतो.

चहाटळ_पेठकर
नववीच्या पोरीचा प्रश्न होता, आपण मंगळापर्यंत पोचलो. पुढचा थांबा कुठला?

प्राजक्ता_कोथरूड
पेठकरकाका, पुढचा थांबा दहावी. 😀 सर, लेकीने पुढच्या वर्षीचं पुस्तक उघडून भिंगाचं सूत्र काढलंय. १/प्रतिमेचं अंतर − १/वस्तूचं अंतर = १/नाभीय अंतर. नाभीय अंतर १०, वस्तू १५ सेंटिमीटरवर. तिने १/प्रतिमा = १/१० + १/१५ केलं, उत्तर ६ आलं. पुस्तकात ३० आहे. उलट तर बरोबर केलंय ना?

खडू_फळा
उलट बरोबर केलंय, शाबासकी द्या. गडबड आकडा घालताना झाली. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून वस्तूचं अंतर −१५ घ्यायचं. १/१० + १/(−१५) = १/३०, प्रतिमा ३० वर. आधी अक्षरांतच फिरवायचं, चिन्हासकट आकडे शेवटी. आकडे आधी घातले की कोणतं उणे सूत्राचं आणि कोणतं अंतराचं ते कळेनासं होतं. आणि तिला विचारा, वस्तू नाभीच्या बाहेर असताना प्रतिमा ६ वर, म्हणजे नाभीच्याही आत, येईल का? किरणाकृती काढली की दिसेल.

तिरकस
सर, चिन्हसंकेतावर वेगळा धागा काढा. आरशाचं आणि भिंगाचं सूत्र इथेच शेजारी ठेवलं तर या धाग्याचं काश्मीर होईल, वाद संपायचाच नाही.